अण्णा मानकरांची कळ

गिरणीत धागा तुटला की माग आपोआप थांबावा, अशी स्वस्तातली कळ अण्णा मानकरांनी अंधेरीतल्या आपल्या दोन खोल्यांच्या बैठ्या घरात बसून तयार केली. १९५६ साली त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती. ते गेल्यापासून त्यांची मुलगी उत्तरा दर रविवारी आलेल्यांना घर दाखवत असे. आठवडाभर शाळेत शिकवायचं आणि रविवारी तेच टेबल, तीच कानस, तोच चष्मा, तीच वाक्यं. अण्णांची खोली होती तशी ठेवायची म्हणून ती स्वतः स्वयंपाकघरात अंथरूण टाकत असे.

आता स्मारक समितीला घर हवं होतं. चिटणीस नंदकुमार सहीचे कागद घेऊन आले, तेव्हा ओटीवर एक म्हातारा बसला होता. लवू त्याचं नाव, आयुष्यभर विणकर. स्टेशनपासून चालून पार थकला होता. उत्तराने त्याला आत नेऊन अण्णांच्या खुर्चीत बसवलं. नंदकुमारांच्या कपाळाला आठी पडली.

लवू पाणी प्यायला आणि टेबलावरची कळ त्याने हातात घेतली. उत्तरा सवयीने माहिती सांगू लागली, तसं त्याने तिला थांबवलं.

"माका ठावक आसा, बाय. कळ बरी होती. पण दोन माग सांभाळणाऱ्याक चार दिले, आणि बाकीच्यांक कामावरसून काढले. माझो धाकटो भाव घराक बसलो, तो परत उभो रवलो नाय."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. थोडा वेळ बसून तो निघून गेला.

अण्णा शेवटची दहा वर्षं गिरणीकडे फिरकले नव्हते. प्रकृतीमुळे, असं उत्तरा सगळ्यांना सांगत आली होती. खरं कारण अण्णांनी तिला एकदाच सांगितलं होतं. कामगारांना तोंड दाखवायची त्यांना लाज वाटे.

तिने नंदकुमारांना विचारलं, लवूने सांगितलं ते आणि अण्णांची ही लाज स्मारकाच्या पाटीवर लिहाल का. ते म्हणाले, पाटीवर जागा थोडी असते, आणि लोक इथे काही चांगलं घ्यायला येतात.

"मग घर राहू द्या," उत्तरा म्हणाली. "यंत्रं, नकाशे घेऊन जा. सहा वर्षं मी अर्धंच सांगितलं. आता दमले."

पुढच्या रविवारी सकाळी समितीची हातगाडी सामान घेऊन गेली. उत्तराने गादीला ऊन दाखवलं आणि दुपारी ती अण्णांच्या पलंगावर आडवी झाली. घर बघायला आलेल्या कुणीतरी बाहेर कडी वाजवली. ती ऐकूनही उठली नाही.