आतला कागद

बाईंनी अंगठ्याचं नख रेकॉर्डवरच्या प्लास्टिकखाली सरकवलं आणि दुकानातला जुन्या रेकॉर्डींचा पारखी खुर्चीतून असा ताडकन उठला, की चष्मा नाकावरून थेट मिशीवर आला.

“ताई, हात काढा! पन्नास वर्षं कुणी फोडलं नाही ते.”

“म्हणूनच फोडतेय.”

“फोडलंत की किंमत निम्मी!”

“मी विकायला आलेय असं कुणी सांगितलं तुम्हाला?”

हे मात्र खरं होतं. दुकानात शिरल्यापासून बाईंनी किमतीचा चकार शब्द काढला नव्हता. पारख्यानंच सवयीनं रेकॉर्ड दिव्याखाली धरून, कोपरे चाचपून, पाठीवरचा नंबर भिंगातून वाचून ‘पहिली आवृत्ती, सीलबंद, अस्सल’ असा निकाल देऊन टाकला होता. बाईंना हवं होतं ते वेगळंच. त्यांचा दादा गेल्या महिन्यात वारला. या रेकॉर्डवर ड्रम त्यानं वाजवले होते. कव्हरवर मात्र गायकाचं नाव, गायकाचा फोटो आणि गायकाचे दात, एवढंच होतं. आता वादक संघ आपल्या सभागृहात जुन्या वादकांच्या नावांचा फलक लावणार होता, आणि दादाचं नाव घ्यायला संघानं साफ नकार दिला होता. कारण पारख्यानं छापलेल्या जुन्या रेकॉर्डींच्या सूचीत, पान एकशे बारावर, ड्रमवादक म्हणून भलत्याच माणसाचं नाव होतं.

“आतल्या कागदावर चारही वादकांची नावं आहेत,” पारखी म्हणाला. “सूचीत तीच आहेत.”

“तुम्ही पाहिलाय तो कागद?”

पारख्याच्या कानशिलांवर लाली चढली. सूची निघाल्यापासून बावीस वर्षांत असं विचारायची कुणाची छाती झाली नव्हती. रेकॉर्डी जमवणारे लोक त्याची सूची उशाशी घेऊन झोपत.

“उघडलेल्या प्रतींतला कागद लोकांनी केव्हाच हरवलाय, ताई. आणि सीलबंद प्रत कुणी शहाणा माणूस उघडत नाही.”

“म्हणजे पाहिलेला नाही.”

“म्हणजे... प्रत्यक्ष असा नाही.”

“अहो, जन्मभर लोकांच्या तोंडाकडे बघत राहिला माझा भाऊ! कुणाच्या लग्नात हे गाणं लागलं की सांगायचा, हे ड्रम माझे आहेत. लोक म्हणायचे, हो का आजोबा, जेवून घ्या. शेवटी शेवटी मीसुद्धा म्हणायला लागले, दादा, जेवून घे. आणि तुम्ही न बघता छापता?”

टर्रकन प्लास्टिक फाटलं. पारख्यानं डोळे मिटून घेतले.

कागद होता. बाईंनी तो उलगडला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि काउंटरवर आपटला. त्यावर ग्रामोफोनच्या सुयांची जाहिरात होती. दोन्ही बाजूंना.

“नावं कुठायत?”

पारखी मागच्या कपाटाकडे वळला. आपण नावं हवेतून काढत नाही, हे या बाईंना दाखवून देणं भाग होतं. ते नाव त्यानं दुसऱ्या कुणी चाळीस वर्षांपूर्वी केलेल्या सूचीतून घेतलं होतं, आणि त्या सूचीवर शंका घ्यायची या धंद्यात रीत नव्हती. त्यानं पान काढलं. नाव होतं. खाली बारीक टाइपात आधारही दिलेला होता: ‘एका जाणकार वाचकाच्या पत्रावरून.’

जाणकार वाचक तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, आणि आता तो याच कपाटापुढे उभा होता. त्यानं नुकतंच स्वतःच्या नावाचं लेटरहेड छापून घेतलं होतं आणि त्यावर कुणाला काय लिहावं हा त्याला प्रश्न पडला होता. गायकाच्या कार्यक्रमांत नेहमी दिसणारा ड्रमवालाच या रेकॉर्डवर असणार, असा त्याचा अंदाज होता. पत्रात ‘अंदाज’ हा शब्द तेवढा घालायचा राहून गेला होता.

पारख्यानं पुस्तक मिटलं.

“काय लिहिलंय?”

“काही नाही.”

“तुमच्याकडे जिथं बघावं तिथं ‘काही नाही’च निघतं!” बाईंचा आवाज चढला. “तिसऱ्या गाण्यात ड्रम मध्येच गप्प होतो, माहितीय ना? चार ठोके?”

माहीत नसायला काय झालं! त्या चार ठोक्यांवर पारख्यानं दीड पान लिहिलं होतं. ‘मौनाचा धाडसी वापर’ असं त्याला उपशीर्षकही दिलं होतं.

“काठी मोडली होती त्याची. दुसरी स्टुलाखाली गेलेली, ती काढेपर्यंत चार ठोके गेले. पुन्हा एकदा वाजवू द्या म्हणून हात जोडले त्यानं. पण गायकसाहेबांना गाडी गाठायची होती. त्या दिवशी घरी येऊन जेवला नाही तो. एवढी फजिती कुणी आपल्या नावावर उगाच मागून घेईल का हो?”

पारख्यानं सुयांच्या जाहिरातीची घडी करून ती बाजूला ठेवली. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, तरी त्यानं जाऊन दार लोटलं आणि संघाच्या चिटणीसांना फोन लावला.

“मी बोलतोय. पान एकशे बारा, ड्रमवाल्याचं नाव चुकलंय... हो, माझ्याच सूचीत... आधार? एका गाढवाच्या पत्राचा... नाही नाही, हयात आहे. चांगला हयात आहे. तुम्ही नवीन नाव लिहून घ्या.”

त्यानं फोन बाईंपुढे धरला.

“सांगा.”

मघापासून दुकान डोक्यावर घेतलेल्या बाईंनी फोन दोन्ही हातांत धरला.

“हॅलो,” त्या अगदी हळू म्हणाल्या. “आधी नाव सांगू, की आडनाव?”