काळ्या कागदातलं वाक्य

"नेलिदा, इकडे ये. उजेडात ये. हे काय आहे सांग मला."

अन्सेल्मोसाहेबांनी खिडकीच्या काचेवर एक कार्बनपेपर दाबून धरला होता. नव्या कार्बनवर एकदाच टाइप केलं, तर उजेडात अक्षर न् अक्षर वाचता येतं. तो घरी नेऊन जाळायचा, एवढं साधं काम मी आदल्या दिवशी विसरले होते. तेवीस वर्षं त्यांच्या कादंबऱ्या टाइप करून ही अक्कल!

सगळं मोन्तेविदेओ त्यांना ओळखायचं. पण दोन वर्षांपासून त्यांच्या डोक्यात बसलं होतं, की घरातलंच कुणीतरी आपली वाक्यं चोरतंय. म्हणून कागदावर एकच प्रत. खिडकीकडे तोंड करून ते सांगायचे, मी टाइप करायची, आणि पान एकदा वाचून ते शेगडीत टाकायचे. त्यांच्या बहिणीने, देल्फिनाबाईंनी, एकदा मला स्वयंपाकघरात गाठलं. "कसंही कर गं, पण हे पुस्तक राख होऊ देऊ नकोस." तेव्हापासून मी साहेबांच्या पाठीमागे, टाइपाच्या पानाखाली कार्बन आणि पातळ कागद सरकवत होते. डॉक्टरांच्या गोळ्यांना ते विष म्हणत. येर्बाच्या कडू चहाचा तुंबा मात्र माझ्याच हातून घेत, कारण पहिला घोट ओतणाऱ्याने घ्यायची आमच्याकडची रीत. एवढा एका माणसावर त्यांचा विश्वास उरला होता.

"जुना कार्बन असेल, साहेब."

"वाच. 'आईने दार लावलं, पण कडी घातली नाही.' कालचं वाक्य आहे माझं. दिसत नाही तुला?"

स्पष्ट दिसत होतं. पण शेवटचं प्रकरण बाकी होतं. खरं बोलले असते, तर लपवलेली तीनशे पानं त्यांनी शोधून त्याच शेगडीत घातली असती.

"नुसता काळा कागद आहे, साहेब."

"चष्मा लावून बघ."

मी चष्मा लावला. माणूस किती खाली जातो! "काहीच नाही हो."

त्यांनी देल्फिनाबाईंना हाक मारली. बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. "नाही रे दादा. कुठे काय आहे?"

ते चिडतील, आरडाओरडा करतील असं मला वाटलं होतं. तसं केलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी कागदावरून बोट फिरवलं आणि काळं झालेलं बोट बघत राहिले.

"म्हणजे मला दिसतंय, आणि ते नाहीये," ते म्हणाले. "मग चोरही नव्हताच. चार दिवसांत पुस्तक संपवू, नेलिदा. मग मला तिकडे पोचवा."

याआधी दोनदा त्यांना वेड्यांच्या इस्पितळात नेताना चार-चार माणसं लागली होती. या वेळी टोपी घालून ते स्वतःच गाडीत जाऊन बसले.

मला अन्न गोड लागेना. दुसऱ्या रविवारी तो कार्बन पर्समध्ये घालून मी भेटायला गेले. त्यांचे केस बारीक कापलेले, पायांत इस्पितळाच्या कापडी सपाता.

"साहेब, मी खोटं बोलले. वाक्य होतं. तुम्हाला बरोबर दिसलं होतं. चोर मीच."

ते हसले. "डॉक्टरांनी सांगितलं का असं बोलायला? फार मायाळू आहेस तू."

"देवाशपथ, साहेब! हा बघा कागद."

त्यांनी घाईघाईने तोंड भिंतीकडे फिरवलं. "नको. मला पुन्हा दिसेल."

मी रडले, हातापाया पडले. त्यांनी मान वळवली नाही. नंतर त्यांनी खाणंच सोडलं. काही आठवड्यांनी एका गुरुवारी सकाळी ते गेले. डॉक्टरांनी कागदावर हृदय थांबलं असं लिहिलं.

पुस्तक एप्रिलमध्ये आलं. सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. मंत्र्यांचं भाषण झाल्यावर देल्फिनाबाईंनी मला हाताला धरून पुढे नेलं. "हिच्यामुळे पुस्तक वाचलं," त्या म्हणाल्या.

लोक रांगेने येऊन माझा हात हातात घेत होते. एका म्हाताऱ्या बाईने तर त्याचा मुका घेतला. मी हात मागे घेतला नाही.