दुपारच्या झोपेनंतरचा फोन

केळशीतल्या अप्पांचा लॅपटॉप दुपारच्या झोपेतून उठला की पडदा उजळायचा आणि सगळं तिथंच अडकायचं. मग अप्पा पुण्याला वेदिकेला फोन लावायचे. लेक डिस्ककडून काम करून घेणारे प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, लिहून पोट भरायची, थोडक्यात याच रोगाची डॉक्टर.

"अगो, तुझं यंत्र डोळे उघडून बसलंय, पण ओळख देत नाही."

"जेवून पडल्यावर तुम्ही तरी देता का, अप्पा? बटण दाबून बंद करा, पुन्हा चालू करा."

"मोठी इंजिनीयर! हा उपाय तर आपला वायरमनपण सांगतो."

त्या मंगळवारीही एवढंच बोलणं झालं. बुधवारी पहाटे अप्पा गेले.

तेराव्याला जमलेल्या नातलगांनी जेवण आणि लॅपटॉपचं निदान दोन्ही सढळ हातानं वाढलं. काका म्हणाले, खारी हवा. दापोलीत मोबाइलची कव्हरं विकणारा चुलतभाऊ शुभंकर म्हणाला, "फॉरमॅट मार, ताई."

वेदिकेने लॅपटॉप मांडीवर घेतला. डिस्क पुरती जागी व्हायच्या आत ड्रायव्हर तिला काम सांगायचा आणि उत्तराची वाट बघत जन्मभर बसायचा. डिस्क तयार आहे का, हे आधी विचारायला लावलं की झालं. तिने ते केलं, लॅपटॉप झोपवला, उठवला. अप्पांचा ग्रामपंचायतीला लिहिलेला अर्धवट तक्रारअर्ज लगेच समोर आला.

"एवढंच होतं? मग आधी का नाही केलंस?" शुभंकरने विचारलं.

पडद्याकडे बघत ती म्हणाली, "हा बरा झाला असता तर तुम्ही रोज फोन कशाला केला असतात, अप्पा? मला तो फोन हवा होता."