फवाऱ्याच्या पाइपाखाली

धारच्या बंगल्यापुढची हिरवळ म्हणजे चारुलताच्या सासऱ्यांचा, भैयासाहेबांचा जीव की प्राण. फवारे त्यांनीच बसवून घेतलेले. पण मेले फवारे अर्धं पाणी भिंतीला आणि रस्त्यावरच्या गाड्यांनाच पाजायचे, आणि यंदा तर बोअरनं मार्चातच कुरकुर सुरू केली. चारुलतानं ठरवून टाकलं, हिरवळ गेली खड्ड्यात, गुलाब आणि चिकू जगले पाहिजेत. फवारे काढायचे, फिल्टर बसवायचा आणि झाडाझाडाशी ठिबकच्या नळ्या न्यायच्या.

कामाला जवळच्याच तिरल्याचा फत्तेसिंग आला. भलता बोलका माणूस, पण हातही तोंडाइतकाच चालायचा. दुपारपर्यंत त्यानं सगळे फवारे उपटले, नळ्या अंथरल्या. आता फक्त एक खड्डा राहिला होता. जुना पाइप कोपऱ्यात वळतो तिथं तो कापून बूच मारायचं. त्या कोपऱ्यात पाइप आधीच गळत असावा, कारण मातीचा नुसता चिखल झालेला, आणि त्यात फत्तेसिंग गैती, म्हणजे टिकाव, घेऊन अनवाणी उभा.

तेवढ्यात देवासहून भैयासाहेबांचा फोन आला. ते महिनाभर लेकीकडे राहायला गेले होते. काम कुठवर आलंय ते चारुलतानं त्यांना सांगितलं.

"चारू, वळणावर खणताय? अगं, थांबव त्याला! बोअरची केबल तिथंच आहे, पाइपाच्या खाली. खांबावरून सरळ घेतलेली लाइन आहे ती, घरातलं बटण बंद करून काही उपयोग नाही. गैती लागली तर माणूस जागच्या जागी जाईल. लाइनमन येऊन तोडेपर्यंत हातसुद्धा लावू नका."

फोन कानाला तसाच धरून चारुलता व्हरांड्यात धावली. "फत्तेसिंग भिया, रुको! यहाँ बोअर की वायर है. खाली है, हं! खाली!"

फत्तेसिंगनं गैती टेकवली. "खाली है? अच्छा, अच्छा. चिंता मत करो, भाभीजी."

हुश्श! माणूस समजूतदार निघाला म्हणून चारुलताच्या जिवात जीव आला. "सांगितलं हो," असं सासऱ्यांना म्हणून तिनं फोन ठेवला आणि आत जाऊन लाइनमनला लावला. तो उचलेना. पुन्हा लावला. बाहेर कुठंतरी धप्प, धप्प आवाज येत होता. शेजारी मजला चढवताहेत, त्यांचं असणार, असं तिनं स्वतःला सांगितलं.

आवाज थांबला. खिडकीतून फत्तेसिंगची हाक आली, "भाभीजी, बोतल खाली हो गई! भर दोगे जरा?"

"लाते, लाते," म्हणत ती उठली, आणि दारातच थबकली. बोतल खाली. म्हणजे रिकामी. आणि वायर खाली म्हणजे? भैयासाहेबांशी बोलता बोलता तिच्या जिभेवर मराठीच राहिली होती. ती तळाशी म्हणाली होती, आणि त्यानं ऐकलं होतं मेलेली, करंट नसलेली वायर. अरे देवा!

धप्प. गैती पुन्हा चालू झाली होती.

चारुलता धावली. नीचे! भाजीवाल्याशी बोलताना दिवसातून शंभरदा तोंडात येणारा शब्द, पण त्या क्षणी मेला आठवेल तर शपथ. तिच्या तोंडून तेच निघालं, "भिया, वायर खाली! खाली!"

फत्तेसिंग हसला. "मालूम है, भाभीजी." आणि त्यानं गैती घातली.

ओरडायलाही त्याला वेळ मिळाला नाही.

संध्याकाळी सरकारी दवाखान्याच्या ओट्यावर त्याची बायको बसली होती. तिला रडूही येत नव्हतं. चारुलता शेजारी जाऊन बसली, तेव्हा तिनं आपल्या बोलीत विचारलं, तारेचं त्याला सांगितलं नव्हतं का म्हणून. "भाभीजी, वठे तार थो, या तमने उनके बतई नी थी?"

चारुलताला सगळं सांगून टाकावं असं वाटत होतं, अगदी त्या एका शब्दासकट. "बताया था," ती म्हणाली.

त्या बाईनं कपाळावर हात मारून घेतला. "हूँ जाणूँ. म्हारो आदमी कोई की नी सुणे." नवरा कुणाचं ऐकायचाच नाही, दोष त्याचाच, असं तिनं धरलं होतं. मग तिनं दोन्ही हात जोडले. "तमारे घर में यो हुयो, माफ करजो."

चारुलतानं ते जोडलेले हात आपल्या हातांत घेतले. तिला स्वतःची शिसारी आली. पण तो एक शब्द तिनं सांगितलाच नाही.