एक वर, एक खाली

वॉलपेपर लावणाऱ्यांत त्याला सगळे ओळंबा म्हणायचे. दोरीला वजन बांधून भिंतीवर सरळ रेघ पाडल्याशिवाय तो कागदाला हात लावायचा नाही, म्हणून. हे नाव त्याला मनापासून आवडायचं. सरळ माणूस, असा त्याने त्याचा परस्पर अर्थ लावून घेतला होता.

तर या सरळ माणसाला नऊ वर्षांनी दातांच्या डॉक्टरबाईंचा फोन आला. बैठकीतली निळी भिंत आता पुरे झाली, मोठ्या हिरव्या पानांचा कागद आणून ठेवलाय, तुम्हीच येऊन लावा. तो हो म्हणाला आणि त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. त्या निळ्या भिंतीवर चूक कोणाची होती हे त्याला नऊ वर्षांपूर्वी, काम झालं त्याच संध्याकाळी कळलं होतं, आणि धाकट्या भावाला ते सांगायचं राहून गेलं होतं. राहून कसलं गेलं, त्याने सांगितलंच नव्हतं.

तेव्हा दोघे भाऊ एकत्र काम करायचे. डॉक्टरबाईंना तीन भिंती पांढऱ्या आणि एकच भिंत गडद हवी होती, आल्यागेल्याने बघत राहावी अशी. गर्द निळा, साधा, बिननक्षीचा कागद त्यांनी निवडला. धाकट्यावर काम सोपवून ओळंबा दुसरीकडे माप घ्यायला गेला. परत येऊन बघतो तर दोन पट्टे भिंतीवर चढलेले आणि बाकीचे टेबलावर पालथे मांडलेले. प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीने बाण. एकाचा बाण वर, दुसऱ्याचा खाली, तिसऱ्याचा पुन्हा वर.

ओळंब्याचं टाळकंच सरकलं. डॉक्टरबाई तिथेच उभ्या, त्यांचे यजमान उभे, दाराला रंग देणारा रंगारीही ब्रश हातात धरून ऐकतोय, आणि याने सगळ्यांदेखत भावाचा पाणउतारा केला.

"उलटा लावतोस? कागदाचं डोकं कुठलं नि पाय कुठले, एवढंही कळत नाही तुला?"

"दादा, लेबलवर लिहिलंय—"

"लेबल वाचून कागद लागत नसतो! हात लागतो त्याला, हात!"

आणि त्याने ते दोन्ही पट्टे वरून खाली टराटरा ओढून काढले. उरलेल्या रोलमधून नवे कापले आणि सगळी भिंत स्वतः, एका दिशेने, ओळंबा लावून पुरी केली. धाकटा खळ लावून देत राहिला.

दुपार कलली, खिडकीतून आडवं ऊन आलं आणि भिंतीवर पट्टे उमटले. प्रत्येक सांध्याशी एका बाजूला निळा गडद, दुसऱ्या बाजूला जरासा फिका. डॉक्टरबाई म्हणाल्या, "हे असंच दिसणार का?" ओळंब्याच्या जिभेला हाड नव्हतंच. तो म्हणाला, "याने आधी खळ जास्त लावून कागद फुगवला, त्याचे परिणाम." खापर फोडून मोकळा झाला.

संध्याकाळी कचरा गोळा करताना रोलवरचं लेबल त्याच्या हाती आलं. त्यावर दोन बाण छापले होते, एक वर आणि एक खाली. शेजारी सरळ लिहिलं होतं की रोलची एक कड किंचित गडद असते, म्हणून एकाआड एक पट्टा उलटा लावावा, म्हणजे गडद कडेशी गडद येते आणि फिकीशी फिकी. लेबल त्याने चुरगाळून खिशात टाकलं. धाकटा तेव्हा जिन्यावरून शिडी उतरवत होता. त्याला हाक मारायला पाच पावलंही लागली नसती.

घरी जेवताना आईने विचारलं, कसं झालं काम? ओळंबा म्हणाला, ठीक, याने जरा घोळ घातला. आईने धाकट्याच्या पानात वाढता वाढता म्हटलं, "अरे, दादा करतो तसं बघून बघून कर ना." धाकट्याने मान डोलावली. महिन्याभरात तो रंगांच्या दुकानात काउंटरवर नोकरीला लागला. ओळंब्यापेक्षा त्याचा हात हलका होता, हे ओळंब्यालाही ठाऊक होतं. दोघांत भांडण असं झालंच नाही. फोन व्हायचे, कोणाचं गुडघ्याचं, कोणाचं बीपीचं. मूग गिळून बसायला घरातली माणसं फार सोयीची असतात.

आता नऊ वर्षांनी तो त्याच भिंतीसमोर उभा होता आणि पट्टे दिसत नव्हते. ऊन होतं, वेळही दुपारचीच. मग त्याला खिडकीवरचा पातळ पांढरा पडदा दिसला आणि भिंतीच्या बरोबर समोर लावलेला दिवा. आडवा उजेड भिंतीवर पडतच नव्हता.

"हे कोणी सुचवलं?" त्याने विचारलं.

"तुमच्या भावाने," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुम्ही गेलात त्यानंतर पंधरा दिवसांनी आला होता बिचारा. स्वतः पडद्याची दांडी ठोकली, दिवा हलवून दिला. म्हणाला, कागद माझ्या हातून बिघडला, दादाला काही बोलू नका, त्याच्या नावावर कामं मिळतात. तुम्हाला माहीत नाही?"

ओळंबा गॅलरीत गेला आणि त्याने धाकट्याला फोन लावला. पलीकडे दुकानातलं रंग घुसळायचं यंत्र घरघरत होतं.

"बोल दादा. तब्येत बरी ना?"

"डॉक्टरबाईंकडे आलोय. निळ्या भिंतीवर. अरे, तुझं बरोबर होतं. एक वर, एक खाली. माझं चुकलं. आणि मला ते त्याच दिवशी कळलं होतं. मी बोललो नाही."

यंत्र बंद झालं. बहुतेक धाकट्यानेच बंद केलं असावं.

"मला माहीत होतं रे," तो म्हणाला. "लेबल खिशात घालताना मी बघितलं होतं तुला. जिन्यातून दिसत होतास."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो. घरी बोलशील वाटलं. मग वाटलं, आज ना उद्या बोलशील." त्याचा आवाज चढला नव्हता, तो नेहमीसारखाच बोलत होता. "मला सांगायची गरजच नव्हती, दादा. आईला सांगायचं होतंस. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात माझा हात हातात घेऊन म्हणाली, तुझा या कामात हात बसला नाही, पण तू वाईट वाटून घेऊ नकोस. मी हो म्हटलं तिला."

ओळंबा कठडा धरून उभा राहिला. आईला जाऊन पाच वर्षं झाली होती.