बुजवलेले खड्डे

मावशीची नोकरी खड्डे बुजवण्याची. रस्त्यावरचे नव्हेत, रेडिओ दुर्बिणीच्या आलेखातले. ताऱ्यांच्या मधल्या जागेत हायड्रोजन वायू पसरलेला असतो, त्याच्या लहरी यंत्र टिपतं, आणि अधूनमधून यंत्राचंही डोकं फिरतं. मग आलेखात नको तिथे खाच पडते. शेजारच्या आकड्यांवरून मावशी ती भरून काढायची. अठरा वर्षं तिने हे इमानेइतबारे केलं.

त्याच वेधशाळेत तिची भाची प्रबंध लिहीत होती. विषय एकच: थंड हायड्रोजनचा एक लांबलचक धागा, मधोमध तुटलेला. तो का तुटला यावर पोरीने तीन वर्षं डोकेफोड केली आणि शेवटी एका ताऱ्याच्या स्फोटावर खापर फोडलं. सोमवारी प्रबंध द्यायचा होता.

गुरुवारी दुपारी मावशी जुन्या, न सुधारलेल्या नोंदी नव्या डिस्कवर उतरवत होती. निवृत्तीआधीची आवराआवर. सहज एक नोंद उघडली. धागा तुटतो तिथेच खाच होती. पुढच्या नोंदीतही होती, पण जराशी सरकलेली, बरोबर धाग्याच्या वाटेवर. यंत्राच्या बिघाडाला धाग्याची वाट कुठून ठाऊक असणार? तेवढ्याच भागात धाग्याच्या मागे गरम वायू झगझगत होता आणि पुढचा थंड वायू त्याचं तेज अडवत होता, म्हणून खाच. धागा कुठेही तुटला नव्हता. मधला तुकडा मावशीनेच बुजवला होता.

या नोंदी पुन्हा कोणी उघडणार नव्हतं. गप्प बसणं अगदी सोपं होतं, आणि तिला तो मोह झालाही. मग तिने भाचीला बोलावलं.

भाचीने चाळीस नोंदी एकामागून एक पाहिल्या. रडली नाही, चिडलीही नाही, नुसती पांढरीफटक पडली. पहिली दोन प्रकरणं वाचतील, बाकीची गेली, वर्षभर तरी लागेल, असं तिने सांगितलं. तिच्या पाठीवर हात ठेवावा असं मावशीला फार वाटलं, पण धीर झाला नाही.

"चूक कशी झाली तेही लिहावं लागेल, मावशी," भाची म्हणाली. "कोणाकडून झाली ते."

"लिही की. आडनावासकट लिही."

भाचीने लिहिलं. अठरा वर्षांत त्या वेधशाळेतून शंभरेक शोधनिबंध बाहेर पडले होते. मावशीचं नाव छापून येण्याची ही पहिलीच वेळ होती.