मूळव्याध नव्हती ती

आत्ता आठवण झाली होय माझी? इतकी वर्षं मुकाट राबलो तेव्हा कुणी ढुंकून बघितलं नाही. गाठ निघाल्यावर मात्र सगळे मागे लागले, सांग बाबा तुझी कहाणी. सांगतो. गोड बोलायची सवय नाही, ते आधीच सांगून ठेवतो.

मी दुरुस्ती करणारं जनुक बोलतोय. माझं डॉक्टरी नाव माझ्याच तोंडात बसत नाही, काम तेवढं सांगतो. अंगात नवी पेशी होताना आतल्या लांबलचक धाग्याची नक्कल उतरते. घाईत एखादा टाका चुकतो. माझ्या हाताखालची माणसं तो हेरतात, उसवतात, नीट घालतात.

माझा मालक थोरल्या भावाबरोबर सोफे दुरुस्त करतो. दादा तोंडात बारीक खिळे धरून कापड ताणतो, मालक स्प्रिंगा बांधतो. जुना सोफा फाडला की दादाचं ठरलेलं, "वरचं कापड बघू नये रे, आतला काथ्या बघावा." मालकाला ते फार पटायचं. मलाही.

हा दादा वर्षातून एकदा गावाला जायचा, जमिनीच्या कामासाठी म्हणे. मालकाची बायको त्याला प्रवासाला डबा भरून द्यायची. डबा भरलेलाच परत यायचा. "भूक नव्हती," म्हणायचा.

आम्ही जनुकं जोडीनं असतो. मी मालकाला आईकडून मिळालो. बापाकडून आलेला माझा जोडीदार जन्माचा मोडका. दोघांचं काम मी एकट्यानं ओढलं. मालकाचा बाप रक्त जाऊन जाऊन गेला, पण घरात शब्द एकच, मूळव्याध. तो उच्चारला की विषय बंद.

मग मोठ्या आतड्यातल्या एका पेशीत मीही मोडलो. एवढीशी जागा, पण तिथे टाके बघणारं कुणी उरलं नाही. चुकीवर चूक चढली आणि गाठ धरली.

"दादा, रक्त पडतंय रे."

"मूळव्याध असणार. बाबांना नव्हती? पाणी पी जास्त. आणि तो कोच उद्या द्यायचाय."

दादाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, ही मालकाची लहानपणापासूनची खोड. कोच गेला. त्यामागून कितीतरी सोफे गेले. विजार कमरेवर ठरेना, तेव्हा बायकोनं त्याला ओढत इस्पितळात नेलं.

गाठ काढली. तुकडा रंगवून बघितला, तर माझी माणसं त्यात कुठे दिसेनात. रक्ताच्या तपासणीत जोडीदाराचं मोडकेपणही बाहेर आलं. डॉक्टरीणबाईंनी घरच्यांना बसवून विचारलं, "हे रक्ताच्या नात्यातून येतं. आणखी कुणाला त्रास आहे?"

दादाची बायको सरळ बाई. तिला वाटलं, सगळ्यांना माहीतच असेल. "ह्यांना दुर्बीण घालून बघतात की दरवर्षी. आदल्या दिवसापासून पोट रिकामं ठेवायला लावतात. एकदा आतड्यात उगवलेले कोंबही काढले, पुढे त्यांची गाठ होते म्हणून."

मालक हळूच म्हणाला, "डबा म्हणून परत यायचा होय रे?"

"बोभाटा नको म्हणून गप्प राहिलो," दादा पुटपुटला. "आपल्या पोरींना कोण करून घेईल?"

"आधी जगू तर देशील त्यांना!" मालकाची बायको कडाडली.

भावंडांना सांगा, असं दादाला कोंब काढले तेव्हाच डॉक्टरांनी बजावलं होतं. वेळेवर दुर्बीण घातली असती तर मालकाची गाठही कोंब असतानाच निघाली असती. आतला काथ्या बघणारा माणूस हा!

आता माझ्या मोडण्याचाही उपयोग आहे म्हणतात. अशा गाठींविरुद्ध अंगातल्या शिपायांना उठवणारं एक औषध आहे, ते बऱ्याचदा चांगलं लागू पडतं. उरलेल्या रोगावर मालकाला तेच चालू आहे. उतार दिसतोय. पुढचं कुणी छातीठोक सांगत नाही.

मालकाच्या पोरीलाही तपासलं. मी तिच्या वाट्याला आलो नाही, तो मोडका आला. आईकडून मिळालेलं धड जनुक तिच्यात एकटं ओढतंय, माझ्यासारखंच. पोरगी रडली, मग डोळे पुसून म्हणाली, "बाबा, मी दरवर्षी जाणार दुर्बिणीला. सांगून जाणार. आणि डबा नेणार नाही."

पोरी, एकही वर्ष चुकवू नकोस. आतल्या त्या एकट्याचे हाल मला माहीत आहेत.

आणि तुम्ही वाचणारे, तुमच्या घरात कुणी मूळव्याध म्हणून विषय बंद केला असेल, तर तो उघडा.

कारखान्यात आता स्प्रिंगाही दादाच बांधतो. मालकाकडे फळं पाठवतो, निरोप पाठवतो, स्वतः उंबऱ्याशी येऊन परत फिरतो. फळं नकोत कुणाला. मालकाची, त्या पोरीची आणि एकट्यानं झिजलेल्या माझी माफी मागायची राहिली आहे, ती त्या एकाच माणसानं. दादानं.